पानाची पाठ

आमचा विषय बुरशी. एखाद्या समारंभांत कोणी विचारल्यावरून हें सांगितलें, कीं विचारणारा गृहस्थ क्षणभर गप्प होतो आणि मग बहुधा लोणच्याकडे वळतो. लोणच्यावर पांढरा थर येतो तो काय असतो, तो काढून टाकला तर खालचें लोणचें चालतें कां, पावसाळ्यांत चपलांवर येते ती हीच कां, अशा प्रश्नांस गेलीं तीस वर्षें आम्ही यथाशक्ति उत्तरें देत आलों आहों. एका मामेभावानें तर भर मांडवांत "हे आमचे बुरशीचे प्रोफेसर" अशी आमची ओळख व्याह्यांस करून दिली होती. त्यांत त्याचा हेतु वाईट नव्हता. इतिहासाच्या प्राध्यापकास लोक गडकिल्ल्यांविषयीं विचारतात, मराठीच्या प्राध्यापकास आपल्या कविता दाखवितात. आमच्या वांट्यास लोणचें आलें, इतकेंच.

वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गास आम्ही शिकवितों तो विषय मात्र लोणच्याहून थोडा मोठा आहे. बुरशी, जंतु, विषाणु आणि त्यांच्यामुळें पिकांस होणारे रोग असा त्याचा पसारा. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजलें आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तिच्या मागोमाग आलेल्या तापसराईनें मेलीं, येथपासून आमचें पहिलें व्याख्यान सुरू होतें. विद्यार्थी तें गंभीरपणें उतरून घेतात. दुसऱ्या दिवसापासून पेन्सिली निघतात आणि आकृत्या सुरू होतात.

ह्या आकृत्यांविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आमचें स्वतःचें शिक्षण असेंच आकृत्या काढण्यांत झालें. शहरांत वाढलेलें पोर, घरीं शेती नाहीं, शिक्षण इंग्रजींत. "पावडरी मिल्ड्यू" आणि "डाउनी मिल्ड्यू" हे दोन शब्द आम्हांस विसाव्या वर्षीं तोंडपाठ होते. शेतकरी ह्याच दोन रोगांना भुरी आणि केवडा म्हणतो हें कळावयास पस्तिशी उलटावी लागली. तोंवर परीक्षा देऊन झाल्या होत्या, प्रबंध लिहून झाला होता, आणि आम्ही इतरांच्या परीक्षा घेऊं लागलों होतों.

गव्हाच्या तांबेऱ्याचेंच पाहा. तांबेरा शिकवावयाचा म्हणजे सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं एक लाल-हिरवी रंगविलेली कांचपट्टी ठेवावयाची. तींत असतो बार्बेरीच्या, म्हणजे आपल्या दारुहळदीच्या कुळांतल्या एका झुडपाच्या पानाचा छेद. त्याच्या खालच्या अंगास सुबक पेले ओळीनें बसविलेले दिसतात. हे पेले काढण्यांत विद्यार्थ्यांच्या पिढ्या गेल्या. आम्हींही ते इतके काढले आहेत, कीं आजही सभेंत कंटाळा आला तर कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यावर आमच्या हातून नकळत तेच उमटतात. पुस्तकांत सांगितलेलें असतें, कीं तांबेऱ्याचें आयुष्य गहूं आणि बार्बेरी अशा दोन घरांत विभागलेलें आहे. युरोपांत आणि अमेरिकेंत तें खरेंही आहे. परंतु आग्रा कॉलेजांत आमच्यासारखेच प्राध्यापकी करणारे करमचंद मेहता ह्यांनीं अनेक वर्षें गव्हाची शेतें आणि डोंगर पालथे घालून, ठिकठिकाणीं हवेंतले बीजाणु पकडून असें दाखविलें, कीं हिंदुस्थानांत बार्बेरीचा ह्या रोगाच्या फेऱ्याशीं संबंध नाहीं. मैदानांतल्या उन्हाळ्यांत तांबेरा जळून जातो. हिमालयाच्या आणि दक्षिणेंतल्या निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत तो टिकून राहतो, आणि तेथून वाऱ्याबरोबर दरसाल खालीं उतरतो. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. ज्या झुडपाचा आपल्या गव्हाच्या रोगाशीं संबंध नाहीं, त्याचे पेले आमचे विद्यार्थी त्यानंतरही काढीतच आले. कांचपट्टी उत्तम होती, तिच्यावर पैसे खर्च झाले होते. ती टाकून कशी द्यावयाची?

प्रयोगशाळेचा दुसरा अर्धा भाग म्हणजे स्वयंपाकघर. दोनशें ग्रॅम बटाटे सोलून, चिरून, उकळून त्यांचा काढा गाळून घ्यावा. त्यांत वीस ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि पंधरा ते वीस ग्रॅम आगर घालावें. पाणी घालून एक लिटर पुरें करावें. मग प्रेशर-कुकरचा जो थोरला भाऊ आमच्याकडे असतो त्यांत १५ पौंड दाबाखालीं पंधरा-वीस मिनिटें ठेवावें. हा पाक बश्यांत ओतला, कीं त्यावर हवेंतल्या, मातींतल्या, सडक्या संत्र्यावरच्या नाना बुरश्या आनंदानें वाढतात. हिरव्या, काळ्या, शेंदरी. कोणी मखमलीसारखी, कोणी पिंजलेल्या कापसासारखी. रोगट पानाचा तुकडा त्यावर ठेवावा, जी वाढेल ती वेगळी काढावी, निरोगी रोपास टोंचावी, तोच रोग पुन्हां उमटतो कीं काय तें पाहावें, आणि त्यांतून तीच बुरशी पुन्हां मिळवावी: कॉखनें घालून दिलेली ही पद्धत शिकवितांना आम्हांस अजूनही पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो. तथापि भुरी आणि केवडा ह्या मिष्टान्नाकडे ढुंकूनही पाहत नाहींत. त्यांना जिवंत पान लागतें. बशी मांडून त्यांची वाट पाहण्यांत अर्थ नसतो. त्यांच्याकडे आपणच जावें लागतें.

हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. कित्येक वर्षें आम्ही तें शिकवीत होतों. म्हणूनच पुढची हकीकत लिहितांना लेखणी अडते.

२०१९ सालीं दिवाळीच्या सुमारास आणि नंतर नोव्हेंबरच्या आरंभीं महाराष्ट्रांत जो अवेळीं पाऊस झाला, तो द्राक्षबागाईतदार विसरले नसतील. छाटणी होऊन बागा फुटल्या होत्या, कोंवळे घड बाहेर पडत होते, आणि वरून पाऊस. त्या दिवाळीच्या सुटींतून आमची एक विद्यार्थिनी परत आली. तासगांव तालुक्यांतली, घरची दीड एकर द्राक्षबाग, वर्गांत मागच्या बांकावर बसणारी आणि फारशी न बोलणारी. आम्ही त्या दिवशीं महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या कागदांत गळ्यापर्यंत बुडालों होतों आणि एका बैठकीस निघालों होतों. दारांतच तिनें वही उघडून पुढें केली. वहींत एक द्राक्षाचें पान दाबून ठेवलेलें होतें, अर्धवट वाळलेलें. त्यावर पांढुरका थर दिसत होता.

"सर, बाबांनी विचारलंय, हे काय असेल?"

आम्ही चालतां चालतांच म्हणालों, "भुरी आहे. पावडरी मिल्ड्यू. गंधक मारायला सांग त्यांना." आणि बैठकीस गेलों. बैठक तीन तास चालली. तींत काय ठरलें तें आज आम्हांस आठवत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांचा द्राक्षांशीं संबंध ताटांत वाढल्यावरच येतो, त्यांच्यासाठीं भुरी आणि केवडा ह्यांतला भेद येथें सांगितला पाहिजे. दोन्ही पांढऱ्या; दोन्ही मूळच्या अमेरिकेच्या, तेथून युरोपांत गेलेल्या. भुरी १८४५ सालीं इंग्लंडांत दिसली आणि थोड्याच वर्षांत फ्रान्सचे मळे तिनें झोडपले. तिच्यावर गंधकाची मात्रा लागू पडली. केवडा फ्रान्सांत १८७८ सालीं आढळला, आणि त्याच्यावरचें औषध सांपडलें तें एका चोरांच्या भयामुळें. बोर्डोच्या विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले मिलार्डे हे १८८२ च्या ऑक्टोबरांत मेदोक प्रांतांतून हिंडत होते. त्यांस असें दिसलें, कीं आंतल्या वेलींचीं पानें केवड्यानें झडून गेलीं आहेत; परंतु रस्त्याच्या कडेच्या वेली मात्र हिरव्यागार उभ्या आहेत, आणि त्यांच्यावर निळसर डाग आहेत. चौकशी केली तेव्हां कळलें, कीं जातां येतां द्राक्षें तोडणाऱ्या वाटसरूंना विषाची भीति वाटावी म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुना ह्यांचें पाणी शिंपडीत असत. मिलार्डेंनीं त्यावर प्रयोग केले, गेयों नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाची मदत घेतली, आणि १८८५ सालीं तें मिश्रण जाहीर केलें. आज आपला शेतकरी ज्याला नुसतें "बोर्डो" म्हणतो तें हेंच. आम्हांस ह्या गोष्टींत नेहमीं मौज वाटत आली ती चोरांची नव्हे. एक प्राध्यापक रस्त्यानें जातांना थांबला, ह्याची.

परंतु दोन्ही पांढऱ्या म्हणून दोन्ही सारख्या नव्हेत. भुरी ही खरी बुरशी. ती पानाच्या दोन्ही अंगांवर येते, वरच्या बाजूस विशेष, आणि बोट फिरविलें तर पिठासारखी निघते. तिला पानावर पाणी साचावें लागत नाहीं. ढगाळ पण कोरडी हवा तिला मानवते. केवड्याची तऱ्हा निराळी. त्याचा जीव पाण्यांत. पानाच्या वरच्या अंगास तेल सांडल्यासारखे पिवळट डाग पडतात, आणि त्याच डागांच्या मागें, पानाच्या पाठीवर, पांढरी लव उठते. कारण द्राक्षाच्या पानाचीं रंध्रें पाठीवर असतात. पान ओलें असलें, कीं केवड्याचे बीजाणु फुटून त्यांतून दोन शेपट्यांचे सूक्ष्म पोहणारे जीव बाहेर पडतात, त्या पातळ पाण्यांतून पोहत रंध्रापर्यंत जातात, आणि तेथें मूळ धरतात. आम्ही शिकत होतों त्या काळीं केवड्याची गणना बुरशींतच होत असे. आतां असें ठरलें आहे, कीं त्याचें जवळचें नातें बुरशीशीं नसून समुद्रांतल्या तपकिरी शेवाळांशीं आहे. बुरशीच्या भिंतींत कायटिन असतें, ह्याच्या भिंतींत सेल्युलोज. जुन्या पंडितांनीं ह्या गटास "शैवलसदृश" असें नांव दिलें होतें, तें केवळ नजरेनें. त्यांची नजर चांगली होती म्हणावयाचें. गंधकाचा भुरीवर परिणाम होतो. केवड्याला त्याचें कांहींच वाटत नाहीं.

डिसेंबरांत त्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक वयस्क, शिस्तीचे आणि प्रश्न सावकाश विचारणारे होते. त्या मुलीची पाळी आली तेव्हां त्यांनीं भुरी आणि केवडा ह्यांतला भेद विचारला. आम्ही शेजारच्या खुर्चीवर गुणपत्रिका भरीत होतों. तिनें इंग्रजींत सुरुवात केली, दोन वाक्यें बोलली, मग थांबली आणि मराठींत म्हणाली, "सर, केवडा पानाच्या पाठीवर असतो. पान उलटून पाहावं लागतं."

परीक्षकांनीं विचारलें, "पण तुमच्या हातात एखादं सुटं, वाळलेलं पान दिलं, तर त्याची पाठ कोणती ते कसं कळेल?"

"पाठीवर शिरा उठून दिसतात, सर."

तिनें आमच्याकडे पाहिलें नाहीं. परीक्षक संतुष्ट झाले. त्यांनीं पूर्ण गुण दिले, आणि तो आंकडा आमच्याच हातानें आम्हीं मांडला. त्याच वेळीं आम्हांस तें वहींतलें पान आठवलें. त्यावर शिरा उठून दिसत होत्या. ठसठशीत, हाताच्या मागच्या बाजूवर म्हाताऱ्या माणसाच्या दिसाव्या तशा. म्हणजे वहींत तें पान पालथें पडलेलें होतें, आणि आम्हीं पाहिला तो पांढुरका थर पाठीचा होता. एक बोट लावून तें उलटलें असतें तर वरच्या अंगाचे तेलकट डाग दिसले असते. किंवा त्याचें ताजें पान मागवून रात्रभर ओल्या टिपकागदावर झांकून ठेवलें असतें, तर सकाळीं पाठीवर लव फुललेली दिसली असती. हा प्रयोग आम्ही दरसाल सप्टेंबरांत वर्गास करून दाखवितों.

संध्याकाळीं तिला विभागांत बोलावून विचारलें. आम्ही "भुरी" म्हणाल्यावर तिनें तेथूनच वडिलांस कळविलें होतें. त्यांनीं दोनदां गंधक मारलें. मधल्या दिवसांत पुन्हां पाऊस आला, आणि कोंवळे घड पांढरे होऊन वाळले. वसतिगृहांत परत गेल्यावर तिसऱ्या दिवशीं अभ्यास करतांना तिनें पुस्तकांतलें चित्र पाहून वहींतलें पान उलटलें होतें.

"मग आम्हांला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या मीटिंगा चालू होत्या, सर."

ह्या उत्तरांत टोमणा असता तर तें सोसणें सोपें गेलें असतें. तो नव्हता. उलट तिनेंच आमची समजूत घातली: निम्मी बाग गेली खरी, पण त्या पावसांत शेजाऱ्यांनीं बरोबर औषधें मारलीं होतीं, त्यांच्याही बागा गेल्या. हें खोटें नव्हतें. त्या वर्षीं केवड्यानें कोणाचीच गय केली नव्हती. त्या निम्म्या बागेपैकीं पावसानें किती नेली आणि आमच्या दोन शब्दांनीं किती, ह्याची वाटणी करावयाची सोय नाहीं. आम्हीं ती मनांत पुष्कळदां करून पाहिली. झोंप लागत नसली तर कधीं पाव हिस्सा आमच्याकडे येतो, कधीं सगळाच.

जानेवारींत एका रविवारीं आम्ही तासगांवाकडे गेलों. तिच्या वडिलांनीं बागेंत बाज टाकली, चहा आणविला. उरलेल्या वेलींवर घड भरत आले होते. चूक आमची होती असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाले, "पोरीनं सांगितलंय मला. वाळल्यालं पान धाडलं मी तरी. ताजं धाडाय पाहिजे हुतं." ह्यावर काय बोलावें तें आम्हांस सुचलें नाहीं. मग त्यांनींच विचारलें, "पर सर, दोन्ही पांढरंच की. मग एकाला गंधक चालतंय आन् दुसऱ्याला का चालत न्हाई?"

आमचें व्याख्यान इंग्रजींत तयार होतें. मराठींत तें आम्हीं कधीं दिलेंच नव्हतें. अडखळत अडखळत आम्हीं सांगितलें, कीं भुरी ही बुरशी, आणि केवडा हा शेवाळाचा भाऊबंद. त्याचीं पिल्लें पानावरच्या पाण्यांत पोहतात.

"मंजी ते पान्यातलं हाय म्हणा की," ते म्हणाले. "मग त्याला गंधक काय करनार!"

नंतर त्यांनीं आपला विळा आणून दाखविला. त्याचें टोंक तांबूस झालें होतें. बोर्डो मिश्रण तयार झालें, कीं त्यांत लोखंड बुडवून पाहावें; तांबें चढलें तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा, नाहींतर पानें करपतात. ही कसोटी आमच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आम्ही ती प्रश्नपत्रिकेंत दोन गुणांस विचारीत असूं. तांबें चढलेलें लोखंड आम्हीं प्रथम पाहिलें तें त्या दिवशीं. निघतांना त्यांनीं द्राक्षांची एक पेटी बळेंच गाडींत ठेवली. घरीं आल्यावर मुलांनीं ती दोन दिवसांत संपविली. आमच्या घशाखालीं त्यांतलीं फारशीं उतरलीं नाहींत.

शेतकऱ्याच्या भाषेचा आम्ही आतां गौरव करणार असें कोणास वाटेल, तर तसें नाहीं. तीही फसवी आहे. बाजरीचें कणीस दाण्यांऐवजीं हिरव्या पानांच्या झिपऱ्यांनीं भरलें म्हणजे तिला "गोसावी" म्हणतात, तें नांव ज्यानें ठेवलें त्यास आम्ही नमस्कार करतों. परंतु तोच शेतकरी द्राक्षाच्या रोगास केवडा म्हणतो, आणि भेंडीचीं पानें पिवळीं पडलीं तर त्यालाही कित्येक ठिकाणीं केवडाच म्हणतो. वास्तविक भेंडीचा रोग विषाणूचा, पांढऱ्या माशीनें पसरविलेला, त्यास बोर्डोनें कांहीं होत नाहीं. लॅटिन नांवें फुकट नाहींत. फक्त तीं उच्चारण्यापूर्वीं पान हातांत घ्यावें लागतें, आणि आम्हीं त्या दिवशीं वही देखील हातांत घेतली नव्हती.

ती मुलगी पुढें उत्तीर्ण होऊन गेली. बार्बेरीची कांचपट्टी आम्हीं कपाटांत ठेवली आहे. अभ्यासक्रमांत ती अजून आहे, म्हणून वर्षांतून एकदां काढतों. टाळेबंदी उठून वर्ग पुन्हां भरूं लागल्यावर प्रात्यक्षिक परीक्षेंत आम्हीं एक लहानसा फरक केला. ओळखण्यासाठीं जे नमुने मांडतात, त्यांत एक ताजें रोगट पान ठेवावयाचें, आणि तें नेहमीं पालथें किंवा उताणें असें ठेवावयाचें, कीं रोगाची खूण खालच्या बाजूस जावी. नमुन्यास हात लावूं नये असा प्रयोगशाळेंत जुना नियम आहे. तो ह्या एका पानापुरता रद्द. पहिल्या वर्षीं चौदांपैकीं तिघांनीं पान उलटून पाहिलें. बाकीच्यांनीं पेन्सिलीस टोंक करून समोर दिसेल तें काढलें. पुढच्या वर्षीं ही गोष्ट फुटली, आणि आतां आमच्याकडे परीक्षेंत जो तो जें समोर असेल तें उलटतो. अळंबीं उलटतात, सडका बटाटा उलटतात. गेल्या वर्षीं एकानें सूक्ष्मदर्शकाखालची कांचपट्टीही उलटी केली, आणि मग कांहींच दिसत नाहीं म्हणून आमच्याकडे तक्रार घेऊन आला.